मडमने विचारलेला प्रश्न

आत्या एका महिन्यात दोनदा बाजूला बसली आणि त्यावरून सगळे उघडकीला आले.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. मुंबईच्या मिशनच्या शाळेतून इंग्रजी शिकून रत्नागिरीला काकांकडे राहायला आले होते. आत्या ही काकांची धाकटी बहीण. विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतलेली, केस काढलेली. घराचा सगळा स्वयंपाक तिच्याकडे. आमच्याकडे विटाळशी बाई तीन दिवस पडवीच्या कोपऱ्यात बसे आणि तिला कोणी शिवत नसे. त्यामुळे कोणाची पाळी कधी, हे घरात सगळ्यांना ठाऊक, गड्यालासुद्धा. तिला दिवस गेले तरी आत्या ठरल्या वेळी बाजूला बसत राहिली. पण एका सकाळी फोडणीच्या वासाने तिला मळमळून आले. चुलीपासून सुटायला ती "मला शिवू नका" म्हणाली आणि मोजणीत चुकली. काकू मोजणीत चुकत नसत.

तो कोण, हे घरात एकानेही विचारले नाही. मला अजून माहीत नाही.

"काढा देते. दोन दिवस दुखेल आणि सुटेल," काकू म्हणाल्या.

"माझ्या घरात भ्रूणहत्या होणार नाही," काका म्हणाले. "जीव आहे तो. त्याचा काय अपराध?"

मला ते पटले. शाळेत आम्हाला हेच शिकवले होते. काकूंची भीती वाटली, काकांविषयी आदर वाटला. हे लिहिताना आता लाज वाटते.

काकांचा बेत असा: पावसाळ्यात बोटी बंद होण्याआधी आत्याला मुंबईला न्यायचे आणि तिथून दूरच्या, विधवांची बाळंतपणे गुपचूप करणाऱ्या अनाथाश्रमात ठेवायचे. मूल तिथेच सोडून तिने परत यायचे. गावात सांगायचे, काशीला गेली होती. तिला प्रवास झेपेल का, हे मिशनच्या दवाखान्यातल्या मडमला विचारायचे होते. गावातल्या वैद्याकडे नेले असते तर संध्याकाळपर्यंत बातमी बंदरावर पोचली असती. मडम नवीन होती, तिला मराठी येत नव्हते. म्हणून मला बरोबर पाठवले.

निघताना काकूंनी माझा हात दाबला. "हळूच विचार गो, तिच्याकडे सुटण्याचं औषध आहे का. माझा काढा जहाल आहे. मागे एकीला..."

मी विचारले. मडम म्हणाली, तो कायद्याने गुन्हा आहे आणि देवाने दिलेला जीव मी घेणार नाही. काकांचेच बोलणे, इंग्रजीतून. मग तिने टाक खाली ठेवला. "हिला स्वतःला काय हवं आहे?"

मी ते मराठीत सांगितले. आत्या माझ्याकडे बघत राहिली, जणू मी काहीतरी चुकीचे सांगत होते.

"मला?" ती म्हणाली. मग म्हणाली, "मूल हवंय. पण ठेवू कुठे?"

मडमने जागा सांगितली. दवाखान्यामागे खोली आहे, हाताला काम आहे. धर्म बदलायला मी सांगणार नाही.

परतताना आत्या रस्ताभर बोलत होती. "त्या नर्सांच्या टोप्या पाहिल्यास? माझ्या बोडक्यावर बरी बसेल नाही?" आणि ती हसली.

घरी काकांनी विचारले तेव्हा मी शब्दन् शब्द सांगितला. नीट भाषांतर केल्याचा मला अभिमान वाटत होता.

"इथे? ह्या गावात? पोर काखेत घेऊन हिंडणार?"

"मी बाजाराकडे फिरकणार नाही, दादा. तूच म्हणालास ना, जीव आहे म्हणून."

काका उठून आत गेले. मी दाराशीच होते. ते काकूंना म्हणाले, "तुझं काय असेल ते देऊन टाक. उद्याच."

गर्भ हा जीव केव्हा होतो, ते मला आजही ठरवता येत नाही. काकांना आठवड्यात दोनदा ठरवता आले. दूर कुठेतरी टाकून द्यायचा तोवर तो जीव होता. आईजवळ, त्यांच्या डोळ्यांसमोर वाढणार म्हटल्यावर तो कोणीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी वाटी आणली. आत्याने वाटी घेतली. "तू आत जा गो," ती मला म्हणाली. दवाखाना अर्ध्या तासावर होता. मी आत गेले.

मूल गेले. आत्या तापाने फणफणली, पण जगली. पाचव्या दिवशी काका तिच्या अंथरुणाशी आले. "जे झालं ते देवाच्या इच्छेने," ते म्हणाले. आत्याने भिंतीकडे तोंड फिरवले.

"देवाच्या नाही, तुमच्या," मी म्हणाले. त्यांना उलट उत्तर देण्याची माझी ती पहिली वेळ.

आठवड्याच्या आत त्यांनी मला मुंबईच्या बोटीत बसवले. आत्या बंदरावर आली नाही. तिला अजून उठवत नव्हते. माझे पाय धड होते. त्या दुपारीही धडच होते.