पत्र्याच्या टेबलातला वायफाय

गुरुवारची सुट्टी म्हणजे काय, हे आमच्या पुण्यातल्या नातेवाइकांना दर वेळी समजावून सांगावं लागायचं. आमच्या पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे मी लहान असताना बाबा गुरुवारी घरी आणि मी शाळेत, मी रविवारी घरी आणि बाबा कंपनीत, असं चालायचं. त्यात बाबांचा गुरुवारही आमच्या वाट्याला पूर्ण यायचा नाही. तो त्यांच्या टूलरूममधल्या मित्रांचा होता. बाबा धरून चौघं. सकाळी चिंचवड स्टेशनजवळच्या एका टपरीवर जमायचे आणि आठवडाभर जे काम केलं, त्याच कामाविषयी सुट्टीच्या दिवशी चहा पीत बोलायचे. मे महिन्याच्या सुट्टीत बाबा मला बरोबर नेत. बाकावर बसून मी खारी खायचो आणि कुणाच्या हातून कोणती डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा, किती बारीक चुकली ते ऐकायचो. मला त्यातलं काही कळत नसे, पण चौघं हसले की मीही हसायचो.

आमचं मूळ गाव चाकणजवळ. बाबा तिथून येऊन पिंपरीत नोकरीला लागले, मी शिकून उलटा चाकणला कामाला जातो, आणि आम्ही राहतो मध्ये निगडीला. मी एका कंपनीत येणाऱ्या मालाची तपासणी करतो. सुट्टी मलाही गुरुवारचीच आहे.

बाबा आता ऐंशीला आले. चौघांतले वेल्डिंग करणारे काका वारले. उरलेल्यांतले एक दापोडीला असतात, पण गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरवत नाही. दुसरे मुलाकडे नागपूरला गेले. त्यांचे हात कापतात आणि आवाजही बारीक झालाय. टपरीवरची बैठक मोडल्याचं बाबांना फार लागलं होतं, म्हणून मी या तिघांची गुरुवारी अकरा वाजताची भेट कॉम्प्युटरवर लावून दिली. मोबाइलवर बाबांना नीट दिसत नाही आणि ऐकूही कमी येतं. मोठा पडदा आणि मोठे स्पीकर असले की ते रंगात येतात. मी त्या वेळात आठवड्याची भाजी आणि किराणा आणायला बाहेर पडायचो. परत येईपर्यंत गप्पा चालूच असायच्या.

घराला रंग दिला तेव्हा जुनी इंटरनेटची वायर निघाली. नवीन कनेक्शनवाल्याने आपला राउटरचा डबा बाहेरच्या खोलीत दाराजवळ ठोकला आणि कॉम्प्युटर आतल्या खोलीत राहिला. मी अंगठ्याएवढा वायफायचा अडॅप्टर आणून कॉम्प्युटरच्या मागे खोचला, आणि तिथून दुखणं सुरू झालं. बोलता बोलता चित्र थांबायचं. पलीकडच्यांना बाबा तोंड उघडं ठेवून गोठलेले दिसायचे. दापोडीच्या काकांनी एकदा म्हटलंही, "तुझा पुतळा बसवलाय राव चौकात. हार आणू का?" पहिल्यांदा बाबा हसले. तिसऱ्या गुरुवारी हसले नाहीत.

मी तपासायला बसलो. कंपनीत जी शिस्त पाळतो तीच घरी पाळली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग पाहायचं. मोबाइल टेबलावर ठेवून पाहिला, तर सिग्नल पूर्ण. म्हणजे डबा चांगला. अडॅप्टर काढून बायकोच्या लॅपटॉपला लावला, तिथेही उत्तम चालला. अडॅप्टरचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर काढून नवं टाकलं. वीज वाचवण्यासाठी कॉम्प्युटर अडॅप्टर मधूनच बंद करू शकतो, अशी एक सेटिंग असते. तिथली बरोबरची खूण काढली. प्रत्येक बदलानंतर मी जमिनीवर मांडी घालून, वाकून, अडॅप्टरचा दिवा बघत बसायचो, आणि इंटरनेट झकास चालायचं. गुरुवारी बाबा बसले की पुन्हा पुतळा.

मी बसलो की चालतं, बाबा बसले की बंद पडतं. तपासणीवाल्याच्या डोक्यात यावर पहिला प्रश्न येतो तोच मी विचारला. "बाबा, तुम्ही चुकून काही दाबता का?"

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "चाळीस वर्सं मशिनीवर काढली. जिथं हात लावायचा न्हाई तिथं लावत न्हाई मी."

पुढच्या गुरुवारी अकरा वाजता ते पेपर घेऊन बाल्कनीत बसले. बायकोने आठवण करून दिली तर म्हणाले, राहू दे, त्यांना कशाला ताप. दुपारी नागपूरहून काकांच्या सुनेचा फोन आला. काका सकाळपासून पांढरा सदरा घालून पडद्यासमोर बसले होते, बाबा बरे आहेत ना, असं ती विचारत होती. फोन बायकोने घेतला होता. बाबांना तिने जेवताना सांगितलं. त्यांनी भात अर्धाच खाल्ला.

बिघाड नेहमीच्या माणसाच्या हातून होत असेल, तर त्याला विचारू नये, त्याला काम करू द्यावं आणि बाजूला उभं राहून पाहावं, हे मी नव्या पोरांना शिकवतो. घरी मात्र केलं नव्हतं. मी बाबांची समजूत घालून त्यांना बसवलं. मी बाहेरच्या खोलीतून तुम्हाला मोबाइलवरून व्हिडिओ कॉल करतो, तुम्ही नेहमी करता तसंच करा, म्हटलं. पण मोबाइल हातात धरून आतल्या खोलीच्या दारातच उभा राहिलो.

बाबा खाली वाकले. टेबलाखालच्या कप्प्याचं दार उघडून आतल्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं, दिवा लागल्याची खात्री केली आणि दार लावून घेतलं. खटका बसल्याचा आवाज आला. कॉम्प्युटर सुरू झाल्यावर मी कॉल लावला आणि खुर्चीत बसून त्यांनी तो घेतला. दोन वाक्यं झाली आणि माझ्या मोबाइलवर ते गोठले.

दोष कुठे आहे ते मला कळलं आणि ते कसं सांगावं ते कळेना.

कारण ते टेबल. मुलांसाठी पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हा मी प्लायवुडचं टेबल आणणार होतो. बाबा म्हणाले, त्याला वाळवी लागती, आमी बनवतो. चौघंही तेव्हा निवृत्तीला टेकले होते. भोसरीत ओळखीच्या एका शेडमध्ये ते गुरुवारी जमू लागले. पत्र्यावर आखणी बाबांची. कापणं आणि वाकवणं दापोडीच्या काकांचं. वेल्डिंग त्यांचं, जे आता नाहीत. आणि दार, बिजागरी, खटका हे सगळं आता नागपूरला असलेल्या काकांचं. कॉम्प्युटरचा डबा आत ठेवायला चारी बाजूंनी बंद कप्पा केला. दाराच्या कडेला आतून नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी लावली, म्हणजे धूळ शिरायला नको. वाऱ्यासाठी मागे बारीक झरोके आणि एक छोटा पंखा बसवला. प्रत्येक वायरीला मापाचं भोक पाडलं आणि भोकाला रबरी कडं घातलं. रंग दिला तोही लेथ मशीनचा हिरवा. चौघांनी ते तीन मजले उचलून आणलं, जिन्यात एकमेकांना शिव्या देत. त्या दिवशी आईने सगळ्यांना पुरणपोळी वाढली होती. वस्तू दुकानातून आणण्यापेक्षा ओळखीच्या हातांनी बनवून घ्यायचे ते दिवस होते. तशी वस्तू आता आमच्या घरात ही एकच आहे.

अशा पत्र्याच्या बंद पेटीत मी वायफाय कोंडला होता. पत्र्यातून सिग्नल जेमतेमच जातो; दार उघडं असेपर्यंत तो आत यायचा. मी तपासताना दार उघडं असायचं. बाबा मशीन चालू केलं की दार लावणार, ही त्यांची जन्माची सवय.

मी सरळ सांगितलं. दार दोनदा उघडून लावून पडद्यावरच्या सिग्नलच्या रेघा दाखवल्या. चार, एक. चार, एक. बाबांनी वाकून स्वतः एकदा दार लावून पाहिलं.

"म्हंजे टेबल नडलं," ते म्हणाले.

मी म्हटलं, गप्पा होईपर्यंत दार उघडं ठेवू. त्यांनी मान हलवली. "उघडं ठेवायचं तर नागपूरवाल्यानं दार केलं कशाला?"

मग लांबवायची वायर घेऊन अडॅप्टर पेटीबाहेर काढायचं ठरलं. जुन्या इंटरनेटच्या वायरीचं भोक कॅमेऱ्याच्या वायरीने घेतलं होतं, म्हणजे नवीन भोक पाडणं आलं. बाबांनी माळ्यावरून आपली अवजारांची पत्र्याची पेटी उतरवायला लावली. मागच्या पत्र्यावर सुईसारख्या टोकाने दोन रेघा मारल्या, त्या जिथे छेदतात तिथे पंच ठेवून हातोडीचा एक ठोका दिला. ड्रिल त्यांना पेलवेना, म्हणून ते मी धरलं. भोकाच्या कडा त्यांनी कानशीने मऊ केल्या, बोट फिरवून पाहिलं आणि रबरी कडं घातलं. अडॅप्टर टेबलाच्या वर येऊन बसला. दार लावलं, रेघा चारच्या चार.

त्यानंतरच्या गुरुवारी मी किराण्याला गेलो नाही. अकराच्या आधीच बाबा इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. दापोडीचे काका आले, नागपूरचे काका आले, आणि आधी बाबांची उलटतपासणी झाली. मागच्या वेळी का आला नाहीस, कुणावर रुसलास. बाबांनी सगळं सांगितलं, टेबल नडल्याचंही. मग कॅमेरा काढून टेबलामागे नेला आणि भोक दाखवलं.

दापोडीचे काका पडद्याला नाक लावून म्हणाले, "सेंटर चुकलंय राव."

"मार्किंग माझं बरुबर हाय. ड्रिल ह्यानं मारलंय," बाबा म्हणाले आणि कॅमेरा माझ्याकडे वळवला. भोक खरोखरच केसभर सरकलं होतं. मी हात जोडले.

नागपूरचे काका नुसते पडद्याकडे बघत होते. त्यांना सगळं पोचलं की नाही, अशी मला शंका आली. सून त्यांच्या कानाशी वाकून काही सांगत होती. मग ते अगदी हळू म्हणाले, "एवढ्या वर्सांनी बी फट न्हाई पडली?"

"न्हाई," बाबा म्हणाले.

"लावून दाव."

बाबांनी एका हाताने कॅमेरा दारासमोर धरला आणि दुसऱ्या हाताने दार लावलं. खटका बसला. चित्र क्षणभरही थांबलं नाही. नागपूरच्या काकांनी मान तिरकी करून आपल्या खटक्याच्या आवाजाकडे कान पुढे केला होता.

"परत," ते म्हणाले.

बाबांनी दार उघडलं आणि परत लावलं.