उपड्या पुंगळ्या

विल्मा झिल्स्ट्रा काडतुसं भरते ती दुपारच्या जेवणानंतर, गॅरेजचं दार लावून. त्या वेळी कुणी बोललेलं तिला खपत नाही. एकदा खुद्द पाद्री भेटायला आले, तर त्यांना तिने अर्धा तास अंगणात ताटकळत ठेवलं. मिशिगनमधल्या आमच्या गावातले चर्चवाले दारूला शिवत नाहीत. विल्माची दारू बंदुकीची, आणि तीही ती कणाकणाने तोलते.

तिची पद्धत ठरलेली. रिकाम्या पुंगळ्या फळीवर उपड्या मांडायच्या. एक उचलायची, दारू घालायची, सुलटी ठेवायची. पन्नास सुलट्या झाल्या की प्रत्येकीत टॉर्च मारून बघायचं आणि मगच वर शिशाची जड गोळी दाबायची. गोळी जडच लागते, कारण आमच्या नेमबाजीच्या स्पर्धेत टेबलावरच्या पाच बोलिंग-पिना, बाटलीच्या आकाराचे ते लाकडी खुंट, नुसत्या पाडून भागत नाही, टेबलावरून खाली फेकाव्या लागतात. हलक्या गोळीने पिन आडवी होते आणि तिथेच लोळत राहते.

नेम तिच्या धाकट्या भावाचा, गेरिटचा. तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. तीस वर्षं तो तिचीच काडतुसं वापरतोय आणि एकही फुसकं निघालं नाही. हे सांगताना विल्माची मान जरा जास्तच ताठ होते. मला ते आवडत नाही, आणि तसं मी तिला तोंडावर सांगितलंय.

ऑगस्टमधल्या अंतिम फेरीत वेळ मोजायचं काम माझ्याकडे होतं. गेरिटने चार गोळ्यांत चार पिना उडवल्या. पाचवीवर नेम धरला, तेवढ्यात मागे कुणाचा तरी फोन वाजला. विल्माचा चेहरा पांढराफटक पडला.

"थांब! बंदूक खाली ठेव!"

कुणीही 'थांब' म्हटलं की थांबायचं, हा आमचा नियम. गेरिटने बंदूक ठेवली. मी ती रिकामी केली, आत गोळी अडकली आहे का बघायला नळीत सळई घातली. सळई आरपार गेली. गोळी अडकलेली सापडली तर फेरी पुन्हा मिळते; नळी मोकळी असेल तर थांबलेली फेरी बाद, हाही नियमच. मी कागदावर 'बाद' लिहिलं. खरं सांगतो, ती ताठ मान एकदाची वाकली म्हणून मला बरं वाटलं.

"काय झालं काय तुला?" गेरिट म्हणाला. "अगं, एकच राहिली होती."

"भाऊ जिंकलेला बघवत नाही वाटतं बहिणीला," रूलोफ मागून म्हणाला. हा गेरिटचा जुना प्रतिस्पर्धी.

विल्माने त्याच्याकडे बघितलंही नाही. "गुरुवारी माझी मेरी बाळंत झाल्याचा फोन आला ना, तेव्हा मी पुंगळ्या भरत होते. फोन गॅरेजमध्ये मी कधी नेत नाही, त्या दिवशी नेला. बोलता बोलता एका हाताने पुंगळ्या सुलट्या करत राहिले, गेरिट. दारू घातली की नाही, ते आठवत नाही."

"आणि टॉर्च?" गेरिटने विचारलं.

"नात झाली होती रे. कुठली टॉर्च आणि काय."

मी बंदुकीतून काढलेलं काडतूस तिने घेतलं. गेरिटचा पुढचा बार त्याचाच होता. ते तिने काडतुसं उकलायच्या पोकळ हातोडीत अडकवलं आणि लाकडाच्या ओंडक्यावर तीनदा आपटलं. गोळी सुटली. तिने हातोडी तळहातावर उपडी केली. गोळी पडली. दारूचा कणही पडला नाही.

अशा काडतुसात फक्त बुडाची टिकली उडते, नुसता फुस्स आवाज होतो आणि गोळी नळीतच अडकते. तिच्यामागून दुसरी झाडली की बंदूक हातात फुटते.

"फुस्स झाल्यावर मी थांबलो असतो की," गेरिट म्हणाला.

मी एकोणीस वर्षं त्याची वेळ मोजतोय. पिन उभी असताना तो कधी थांबलेला नाही. मग तोच म्हणाला, "नसतो थांबलो."

विल्माने उरलेली सगळी काडतुसं तिथेच उकलली. आणखी दोन पोकळ निघाली. ती सगळ्यांसमोर रडली, आणि मला माझी लाज वाटली. पण कागदावरचं 'बाद' मला खोडता येत नव्हतं.

रविवारी चर्चमध्ये दुसऱ्या गीताला गेरिट ऑर्गनवर दोनदा चुकला. विल्मा पहिल्या बाकावर बसली होती. तिचं गाण्याकडे लक्ष नव्हतं. ती त्याची बोटं मोजत होती.