धवल्याची पहिली ओळ

उरणच्या बाजूला आगरी वस्तीत लग्न निघालं की भटजीच्या आधी आठवण होते ती धवलारणीची. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं, म्हणजे धवला, लागतो. नीराबाई ही अशीच एक धवलारीण. म्हणजे, खरं बोलायचं तर अर्धी.

अर्धी का, ते आधी सांगायला हवं. धवला दोघींनी म्हणायचा. पहिली ओळ उचलते, दुसरी झेलते, तेवढ्यात पहिलीला दम घ्यायला मिळतो. उचलायची ती नीराबाईची सासू, सोनूबाई. तिचा आवाज असा की खाडीपलीकडच्या मिठागरात फावडं मारणारी माणसं मान वर करून बघायची. आणि झेलायची नीराबाई. लग्न होऊन आली तेव्हापासून सासूच्या डाव्या अंगाला बसून तिनं नुसतं झेललं. मिठागरं बुजली, तिथं कंटेनरचे यार्ड आले, नीराबाई गोदामात खोकी चिकटवायला जाऊ लागली. पण लगीनसराईत तिची जागा ठरलेली, सासूच्या डावीकडे. मग सासू गेली, आणि नीराबाईकडे उरले ते नुसते जबाब. सवालच आठवेनात.

अशात एके दिवशी शेजारचा कोंडाजी ओटीवर येऊन बसला. त्याची नात आरोही, तिचं लग्न ठरलेलं.

"नीराबाय, पोरीची हळद तुझ्या तोंडून होऊ दे गो. न्हायतर पोरं डीजे सांगून मोकळी झालीत."

"व्हय, व्हय. येईन ना," नीराबाई बोलून गेली. कोंडाजी चहा पिऊन गेला आणि मग हिला भान आलं. अख्ख्या मांडवासमोर सुरुवात कशाची करणार? तिनं नाही म्हटलं असतं तर या गावात धवला तिथंच संपला असता, आणि व्हय म्हटलं तर तोंडात पहिली ओळ नाही.

सून सुचिता पनवेलची. तिला धवल्याचं काडीचं कौतुक नव्हतं, पण डोकं चालायचं. ती म्हणाली, "आई, टेन्शन कशाला घेता? ह्यांनी आजींचं रेकॉर्डिंग केलेलं ना, जुन्या कॉम्प्युटरवर?"

केलं होतं खरं. नीराबाईचा मुलगा विवेक कॉलेजात असताना त्यानं एका दुपारी आजीला आणि आईला पडवीत बसवून सगळे धवले भरून घेतले होते. पण त्या कॉम्प्युटरची कथा वेगळीच. इकडे दसऱ्याला ट्रेलरची पूजा होते, नारळ फोडून पाणी चाकांवर शिंपडतात. सोनूबाईनं त्या वर्षीच्या दसऱ्याला कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला आणि मोठ्या मायेनं त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. चाकाला देतात तर डोक्याला का न्हाय, हा तिचा हिशोब. वरच्या जाळीतून पाणी आत गेलं, फट् आवाज झाला, आणि म्हातारीचा आवाज म्हातारीनंच बंद केला. तेव्हापासून तो डबा माळ्यावर, सुक्या बोंबलांच्या टोपलीशेजारी.

तो खाली काढून, पुसून, रिक्षात घालून सासूसुना उरणच्या बाजारात साहिलच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. साहिलनं झाकण काढलं आणि नाक दाबलं.

"काकी, हा कॉम्प्युटर हाय का कालवण?"

"कालवणच समज. त्यात माझी सासू हाय."

साहिल हसायचा थांबला. बाकी सगळं गंजलेलं, पण ज्या डबीत फायली राहतात ती हार्ड डिस्क सुकी होती. त्यानं ती सोडवली, जुन्या चालीची केबल शोधून आपल्या मशीनला जोडली. आधी सगळ्याची नक्कल काढून घेतली, कारण जुनी डिस्क कधी मान टाकेल याचा भरवसा नसतो. त्यात एक जेवण झालं, दोन चहा झाले. मग नकलेत विवेकच्या नावाचा फोल्डर सापडला. उघडायला गेला तर उघडेना. परवानगी नाही, म्हणे.

"माझ्या पोराच्या घरात मला परवानगी न्हाय?"

"तसं नाही काकी. जुना मालक विवेक. आता मालकी माझ्या नावावर करायची. सातबाऱ्यावर नाव बदलतात ना, तसं."

"अरे देवा! मग तलाठ्याकडं हेलपाटे आले."

"इथला तलाठी मीच," साहिल म्हणाला आणि त्यानं नाव बदललं.

काही फायली मुक्या निघाल्या. पण हळदीचा धवला उघडला, आणि त्या एवढ्याशा दुकानात सोनूबाई खाकरली. नीराबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला. सासूनं ओळ उचलली, आणि ती पुरी व्हायच्या आतच नीराबाईनं खुर्चीवर बसल्या बसल्या मोठ्यांदा झेलली. सासूच्या ओळीचा शेवट नीराबाईच्या आवाजाखाली गेला. साहिलनं मागे नेऊन परत लावलं. परत तेच.

"काकी, गाऊ नका, ऐका!"

"मी कुठं गातेय? तोंड आपोआप उघडतं!"

हेडफोन लावून पाहिला, पदराचा बोळा तोंडात धरून पाहिला. सासूनं हाक दिली की सून उत्तर देणारच. इतक्या वर्षांचं वळण. साहिल कपाळाला हात लावून बसला.

सुचिता मात्र गालात हसत होती. घरी गेल्यावर तिनं फोनवर फाईल लावली आणि म्हणाली, "आई, तुमची जागा मला द्या. झेलते मी. तुम्ही आजींबरोबर उचला."

"तुला जमंल?"

"नाही जमलं तर मला नावं ठेवा."

मग संध्याकाळी कोळंबी सोलता सोलता हे सुरू झालं. सुचिता मुद्दाम एवढ्या मोठ्यांदा झेलायची की नीराबाईला झेलायला जागाच राहायची नाही. झेलणं काढून घेतल्यावर हळूहळू पहिली ओळ जिभेवर बसू लागली. सुचिता चुकली की नीराबाई ओरडायची, "असं न्हाय गो, शेवट खाली टाक!" आणि ओरडता ओरडता मूळ ओळ तिला आणखी पक्की व्हायची.

आरोहीच्या हळदीला नीराबाई पाटाशेजारी बसली, डाव्या अंगाला सुचिता. क्षणभर तिनं शेजारी पाहिलं, घसा साफ केला आणि ओळ उचलली. सासूसारखी खाडीपलीकडे नाही गेली ती. मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेली. सुचितानं झेलली. पोरांनी डीजेचा आवाज आधी बारीक केला, मग बंदच.

हळद उतरल्यावर करंजा गावाहून आलेली एक म्हातारी विचारत आली, "आमच्या घरी पण लगीन हाय गो. येशील का?"

नीराबाई सवयीनं "व्हय" म्हणणार, तेवढ्यात सुचिता म्हणाली, "आजी, तारीख सांगा. आम्ही दोघी येऊ."