दात नसलेले टायर

कुंदाकाकी मालवणीत शिव्या घालत असली की समजावं, सगळं ठीक आहे. "मेल्या, शिरा पडो तुझ्या तोंडार, चाय घेतल्याशिवाय जातंस खंय?" असं ती अंगणातून ओरडली की माणूस निर्धास्त होऊन ओटीवर टेकायचा. पण ती शुद्ध मराठी बोलायला लागली की पळ काढावा. मालवणला तहसील कार्यालयात अव्वल कारकून म्हणून तिची सगळी नोकरी झाली, आणि राग आला की ते अख्खं कार्यालय तिच्या जिभेवर येऊन बसायचं. एकदा आमच्या आंब्याची फांदी तिच्या कौलांवर पडली, तेव्हा तिने कुंपणापाशी येऊन मला सुनावलं होतं, "सदर फांदी आपण स्वखर्चाने व तत्काळ हटवावी." मी हटवली, आणि वर एक फणसही नेऊन दिला.

आचऱ्याला आमची घरं शेजारी शेजारी. मी कट्टा गावच्या शाळेत शिकवतो, म्हणून ती मला मास्तर म्हणायची. काका लवकर गेले. एकुलता एक मुलगा अभय पुण्याला. निवृत्त झालेल्या बाईने काय करावं हे गावाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं: सकाळी देऊळ, संध्याकाळी भजन, मधल्या वेळात वाती वळायच्या आणि मुलाच्या फोनची वाट बघायची. काकीने यातलं काहीही केलं नाही. ती रापण ओढायला जाऊ लागली.

ज्यांनी रापण पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. होडी समुद्रात जाऊन मोठं जाळं अर्धगोलात सोडते आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर येतात. मग बायका, पुरुष, पोरं असे सगळे मिळून ते जाळं वाळूवर ओढून आणतात. दोरीला ज्याचा हात लागला, त्याला वाटा. तो कोण, कुठला, हे कुणी विचारत नाही. काकी पहिल्या दिवशी नुसती बघायला गेली होती. कंटाळून तिने पदर खोचला, दोरी धरली, आणि शेवटी रापणीचा म्होरक्या असलेल्या पांडू तांडेलाने इतरांसारखाच तिच्यापुढे बांगड्यांचा ढीग टाकला. ते बांगडे पिशवीत घेऊन ती थेट माझ्या दारात आली. तळव्यांना फोड आलेले, लुगडं खाऱ्या पाण्याने कडक झालेलं. "बघ मास्तरा," म्हणाली, "ह्यो माझो पयलो पगार. ह्येच्यार कोणाची सही नाय."

मग गावात कुजबुज सुरू झाली. चांगली पेन्शन खाणारी बाई, सरकारी खुर्चीतली, दोरी काय ओढते! देवळात एकीने तोंडावरच विचारलं. काकी म्हणाली, "पेन्शन बसल्याची गावता गो. ओढल्याचो वाटो थयच वाळूत गावता." त्या बाईने पुन्हा विषय काढला नाही.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी वाळूत चालणं बंद केलं. आता रापण काही एका जागी लागत नाही. पाण्याची ओढ असेल तिथे जाळं किनाऱ्याला येतं, आणि तिथवर भुसभुशीत वाळू तुडवत जावं लागतं. काकी काही दिवस ओटीवर पाय लांब करून बसली आणि घरातल्या भांड्यांनासुद्धा शुद्ध मराठीत झापू लागली. एके दिवशी बघतो तर तिच्या अंगणात जाड टायरांची एक विजेची सायकल. किनाऱ्यावरचं एक रिसॉर्ट बंद पडलं होतं. पर्यटकांना फिरवायची त्यांची ही सायकल, उन्हाने रंग उडालेली आणि खाऱ्या हवेने खाल्लेली. लहानपणी सायकल चालवलेली ही बाई अडुसष्टाव्या वर्षी त्या धुडावर बसली, कुंपणावर आदळली, उठली, आणि आठवडा व्हायच्या आत वाळूवरून रापणीला पोचली. मला इतका आनंद झाला होता की मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटलो.

ते टायर मात्र आधीच म्हातारे होते. कडांना भेगा गेलेल्या, धागे बाहेर आलेले. एके सकाळी मागचा टायर किनाऱ्यावर फाटला आणि काकी वाळूत आडवी झाली. हाड मोडलं नाही, पण रापणीच्या माणसांनी तिला उचलून घरी आणलं. मी धावत गेलो तर ही माझ्यावरच डाफरली, "पडलंय ता पडलंय. पण रापण माझ्याशिवाय लागली ना!" दुपारी पांडू तांडेल स्वतः तिचा वाटा घेऊन आला. बिचाऱ्याने किती मायेने आणला होता. काकीने टोपलीकडे पाहिलंसुद्धा नाही. "पांडू, माझो हात लागूक नाय. वाटो माका नको. परत ने." पांडू टोपली उचलून गेला.

तेव्हापासून टायरांचा शोध सुरू झाला. जुन्या टायरवरचे आकडे झिजले होते, म्हणून काकीने त्यावर रांगोळी चोळली आणि सव्वीस बाय चार हे माप पांढरं होऊन वर आलं. ते घेऊन मी कट्ट्याला सायकलवाल्या दाजीकडे गेलो. "मास्तर, ह्यो टायर सायकलीचो काय ट्रॅक्टराचो?" असं म्हणून त्याने मला मोपेडचा टायर बसवायचा सल्ला दिला. मग आम्ही दोघं ओटीवर बसून माझ्या मोबाइलवर टायरांचे फोटो बघू लागलो. बारीक नक्षीचे, मधोमध पट्टा असलेले, कडेने जाड. एकाला इंचभर उंचीचे रबरी दात होते. काकीने पडद्यावर बोट आपटलं. "ह्यो! कसो दात इचकून बसलो हा बघ. वाळूक चावतलो ह्यो!" मलाही पटलं. वाळूत जायचं म्हणजे दात हवेत, यात विचार करण्यासारखं काय होतं? पण ते दातेरी टायर संपले होते. आल्यावर कळवू, असं दुकानाचं उत्तर आलं. तेवढ्यात अभयचा फोन आला. "माप सांग, मी पाठवतो." काकीने माप सांगितलं आणि वर बजावलं, "दातेरी धाड."

खोकं आलं तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो. काकीने टायर बाहेर काढला आणि तळव्याने सगळीकडून चाचपला. एक दात नाही. मधून बारीक रेघा आणि कडेला अंधारात चमकणारी पट्टी. पोरीच्या गालासारखा गुळगुळीत.

"सदर मालाची मागणी या कार्यालयाने केलेली नव्हती," काकी म्हणाली.

मी कप खाली ठेवला. पळायची वेळ झाली होती, पण तिने फोन लावून मोठ्या आवाजावर टाकला होता आणि मला बसायची खूण केली.

"आई, मी मुद्दामच गुळगुळीत घेतले," अभय म्हणाला. "खोटं कशाला बोलू? हे रस्त्याचे टायर आहेत. वाळूत रुततील. रुतले की तू परत फिरशील. बाजारात जा, देवळात जा, हवं तिथे जा, पण रस्त्याने."

"आपण आपल्या अधिकारक्षेत्राबाहेर निर्णय घेतला आहे."

"बाबा गेले तेव्हा मी पोचलो नव्हतो, आई. तू पडलीस तेही मला फोनवर कळलं. मला भीती वाटते गं."

काकीने हातातला टायर खाली ठेवला. पुन्हा बोलली तेव्हा तहसील कार्यालय कुठल्या कुठे पळालं होतं. "भीती माका पण वाटता रे, बाबा. पण वाळूत पडाची नाय. हय ओटयेर बसान, रस्त्याक बघीत मराची भीती वाटता माका. तेवढा रापणीक जावक दी. दुसरा काय एक मागणंय नाय तुझ्याकडे." आणि तिने फोन ठेवून दिला. मला त्या पोराचाही राग आला आणि त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं हेही कळत होतं.

दातेरी टायर काही येईनात आणि पावसाळा संपून रापणी तर सुरू झाल्या. शेवटी काकीने हे गुळगुळीत टायर "तात्पुरत्या स्वरूपात" मंजूर केले. दाजीने ते बसवले आणि काकीवरच्या प्रेमापोटी त्यात हवा अशी ठासून भरली की टायरवर नारळ फोडता आला असता. दुसऱ्या सकाळी रापण टाकल्याची हाक आली. काकी निघाली. सुट्टीचा दिवस होता, म्हणून मीही मागोमाग गेलो.

सुरूच्या बनापाशी डांबरी रस्ता संपतो. काकी वाळूवर उतरली, जेमतेम सायकलभर पुढे गेली आणि मागचं चाक गरगरत खाली रुतलं. मोटर घरघरली, वाळू उडाली, चाक आणखी खोल गेलं. दूर दक्षिणेला माणसं दोरीला लागलेली दिसत होती. अभयने म्हटलं तसंच झालं होतं.

"काकी, चल. परत फिरू."

"गप रव."

ती सायकल धरून उभी होती आणि समोर बघत होती. समोर चार माणसं एक होडी पाण्याकडे ढकलत होती. एवढी जड होडी पोटावर सरकत पाण्याकडे चालली होती.

"मास्तरा, होडयेच्या तळाक दात बघलंस कधी?"

"नाही."

"मगे ती कशी जाता?"

काकीच बोलत सुटली. "जुन्या टायराचे दात कवाच झिजान गेल्ले. नि तेका हवा कोणी भरल्यान? जुन्या ट्यूबातसून सगळी जाय होती. अर्धोमेलो होतो तो, म्हणान चलत होतो! आणि आमी दोघां दात शोधीत बसलो!"

तिने केसांतला आकडा काढला आणि टायरच्या व्हॉल्व्हमध्ये खुपसला. फुस्स करून हवा सुटली. अंगठा दाबला तर आत जाईल एवढा टायर मऊ पडला, खाली पसरला, पोट टेकून बसला. मग दुसरा. काकी सायकलवर चढली, आणि तो गुळगुळीत टायर वाळूवरून असा गेला की मी चपला हातात घेऊन धावलो तरी मागेच राहिलो. मी पोचलो तेव्हा सायकल वाळूत पडली होती आणि काकी दोरीला लोंबकळत होती. "बघतंस काय मेल्या, हात लाव!" ती ओरडली. मी हात लावला.

त्या दिवशी तिने अभयला फोटो पाठवला. मासळीचा नव्हे, वाळूत उमटलेल्या टायरच्या रुंद, गुळगुळीत पट्ट्याचा. खाली लिहिलं होतं: "निवड मंजूर. कारण नामंजूर." अभयने मला फोन करून विचारलं, ती खरंच पोचली का? म्हटलं, तुझ्याच टायरवरून पोचली. तो आधी चिडला, मग हसायला लागला. पुढे दुकानाने दातेरी टायर आल्याचं कळवलं तेव्हा काकीने मला सांगायला लावलं की नको. "माझे आसत तितके दात पुरे."

त्यानंतर सायकलच्या मागे काथ्याने बांधलेला हवेचा पंप आला. सुरूच्या बनापाशी हवा सोडायची, परतताना तिथेच भरायची. तो आकडाही हँडलला गुंडाळलेल्या फडक्यात खोचलेला असायचा. बनाजवळ फुस्स ऐकू आलं की रापणीवरचे लोक म्हणायचे, काकी इली. अभय दर फोनवर रागवायचा आणि दर फोनच्या शेवटी विचारायचा, आज काय मिळालं? कितीतरी माणसांनी तिला किती परींनी समजावलं. या वयात, या अंगाने, बायकांनी, असं म्हणून. मला आता त्या सगळ्यांना गाठून विचारावंसं वाटतं की तुम्ही या वयात काय करताय?

गेल्या हिवाळ्यात काकी दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. ओटीवर सायकल चार्जिंगला लावलेली होती. मला फार रडू आलं, आणि रडताना तिने घातलेल्या शिव्याच आठवत होत्या.

अभय आला, दिवस झाले. तो निघायच्या आदल्या सकाळी रापणीची हाक आली. मी अंगणात होतो. अभय घरातून बाहेर आला, सायकल काढली आणि रस्त्याला लागला. मी चालत मागून गेलो. सुरूच्या बनापाशी तो उतरला, हँडलचं फडकं चाचपलं, आकडा काढला आणि टायरशेजारी गुडघ्यांवर बसला. हवा सुटण्याचा आवाज मला लांबून आला. मग तो वाळूवरून निघाला, वेडावाकडा, दोनदा पाय टेकत, पण कुठेही न रुतता.

जाळं वर येईपर्यंत त्याने दोरी सोडली नाही. वाटे पडले. पांडू तांडेलाने त्याच्यापुढे त्याचा वाटा टाकला, आणि क्षणभर थांबून शेजारी तेवढाच आणखी एक. "ह्यो काकीचो," तो म्हणाला.

अभय त्या माशांकडे बघत राहिला. मग खाली वाकून त्याने तो दुसरा वाटा दोन्ही हातांनी गोळा केला आणि मधल्या मोठ्या ढिगावर परत नेऊन ठेवला. तो पुण्याला गेल्यापासून मी त्याच्या तोंडून मालवणी ऐकली नव्हती.

"तिचो हात लागूक नाय," तो म्हणाला.

पांडूने मान डोलावली आणि पुढच्या माणसाचा वाटा टाकायला घेतला.