हक्काची हाक

उन्हाळ्यातल्या दुपारी धरणाच्या पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला वास असतो, तापलेल्या काळ्या मातीचा आणि वाळल्या केळीच्या पानांचा. त्या वाऱ्याने शीड भरले की दोर तळहातात जिवंत होतो. समुद्र इथून किती दूर! पण वाऱ्याला कधी कुणी त्याचा जिल्हा विचारला आहे का?

मी पिंप्राळ्याची. बाबा ट्रकच्या ताडपत्र्या शिवतात. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. कॉलेजच्या शिबिरात धरणावर शिडाच्या होडीत बसले आणि तिथलीच झाले. ‘सेलिंग करते’ म्हटले, तर शेजारच्या अक्कांना मी काहीतरी विकते असेच वाटले. स्पर्धेहून परतले की ओट्यावरून विचारायच्या, “बठ्ठा माल खपना का वं?” मीही हसून म्हणायची, “हो अक्का, काहीच उरलं नाही.”

त्या वर्षी राज्याच्या संघात एकच जागा रिकामी होती. निवडीच्या शेवटच्या शर्यतीत मी उजव्या बाजूने वारा घेत होते. म्हणजे शर्यतीच्या नियमाने वाट माझ्या हक्काची. मोठ्या शहरातली एक मुलगी डावीकडून वारा घेत सरळ माझ्यापुढे घुसली. होडी वळवून मी धडक टाळली आणि जिवाच्या आकांताने ओरडले, “सरक ना वं! तुले दिखत नई का?” त्या वळणात जागा गेली.

किनाऱ्यावर मी तक्रार नोंदवली. पंचांनी विचारले, “तेव्हा ‘प्रोटेस्ट’ हा शब्द उच्चारलात?”

“नाही सर. पण अर्थ तोच होता.”

“नियमात अर्थ नाही, शब्द आहे.”

तक्रार फेटाळली गेली. मागे कुणीतरी हसत होते.

परतीच्या वाटेवर मला राग त्या मुलीचा नव्हे, स्वतःचा येत होता. फी माफ करणाऱ्या प्राचार्यांचे, पुस्तके देणाऱ्या बाईंचे, सगळ्यांचे आभार मानायला मी शिकले होते, आणि ते ऋण आजही मनापासून मानते. पण आपल्यावर अन्याय होत असताना, त्याच क्षणी, सर्वांना ऐकू जाईल असे ‘मला हे मान्य नाही’ म्हणायला मला कुणी शिकवले होते? कृतज्ञता म्हणजे मुकेपण, हे कधी, कुणी ठरवले?

बाबांनी शिलाई थांबवून सगळे ऐकले. म्हणाले, “मंग तो शब्द शिकी ले ना.” आणि पुन्हा मशीन सुरू केले.

वर्षभर मी गच्चीवर त्या मशीनच्या घरघरीवर मात करील इतक्या मोठ्याने तो एकच शब्द ओरडले. अक्का खालून विचारायच्या, “कोणाशी भांडस वं?”

पुढच्या वर्षी तेच पाणी, तीच मुलगी, आणि पुन्हा एकच जागा. तिने पुन्हा तसेच केले. तिला वाटले असावे, ही वळेल. मी वळलेही. पण वळता वळता माझ्या छातीतून “प्रोटेस्ट!” हा शब्द असा निघाला की काठावरचे पंच उठून उभे राहिले. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, आणि शिक्षेच्या दोन गिरक्या घ्यायला आपली होडी फिरवली. तिची दुसरी गिरकी पुरी होईतो मी अंतिम रेषेपलीकडे होते. संघाच्या यादीत माझे नाव लागले.

होड्या ओढून घेताना ती जवळ आली. “एवढ्या जोरात ओरडायची काही गरज नव्हती गं.”

“होती,” मी म्हणाले.