फलकावरचे नऊ-नऊ

“तिसऱ्या सेटची पहिली सर्व्हिस अप्पांची होती. बरोबरी होत होत नऊ-नऊ झाले, चंद्र वर आला, आणि मामांनी हात वर करून खेळ सोडून दिला. सोबतचे छायाचित्र त्याच क्षणाचे आहे.”

हा मजकूर आमच्या तंजावूरच्या टेनिस क्लबाच्या स्मरणिकेत तमिळमध्ये छापून आला आहे. मराठी मी केले. लिहिणारा माझा भाचा, क्लबाचा चिटणीस. अप्पा म्हणजे त्याचे वडील, माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. ते गेल्या वर्षी वारले. आणि खेळ सोडून देणारे मामा म्हणजे मी. येत्या रविवारी हेच छायाचित्र, खाली हाच मजकूर घालून, क्लबाच्या दिवाणखान्यात कायमचे टांगले जाणार आहे. मी आज ऐंशीच्या उंबरठ्यावर आहे. खेळात पुष्कळदा हरलो. सोडून मात्र एकदाही गेलो नाही.

ते २०१० साल. त्या वर्षी विंबल्डनच्या पहिल्याच फेरीत एक अमेरिकन आणि एक फ्रेंच असे दोन खेळाडू तीन दिवस एकमेकांशी झुंजले. पाचव्या सेटला तिथे टायब्रेक नव्हता. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहायचे. सत्तर-अडुसष्टवर तो सेट संपला. मधल्या दिवशी सत्तेचाळीस-सत्तेचाळीसवर विजेचा फलक बंद पडला, कारण त्यापुढे मोजावे लागेल असे कोणी गृहीतच धरले नव्हते. खेळाडू खेळत होते, फलक थांबला होता. हे एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आमच्या क्लबाला त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. पुढच्या रविवारी साठी ओलांडलेल्यांच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि त्यात भावजी, म्हणजे हेच अप्पा, व मी समोरासमोर आलो होतो. भावजीच म्हणाले, “मच्चान, आपणही तिसऱ्या सेटला टायब्रेक ठेवायचा नाही. बघू कोणाच्या पायात किती दम आहे.” मराठी घरातले आम्ही, पण क्लबात शिरलो की नात्याची हाकही तमिळ होत असे, मेहुण्याचा मच्चान. मी होकार दिला.

आमचा फलक लाकडी. त्यावर खिळ्यांना पत्र्याचे आकडे अडकवायचे, आणि ते आकडे शून्यापासून नऊपर्यंतच होते. एका सेटला त्यापुढचे कधी लागले नव्हते. नऊ-नऊ झाल्यावर आमच्या मार्करने, म्हणजे कोर्ट राखणाऱ्या आणि गुण पुकारणाऱ्या इसमाने, हात झटकले आणि तो पुढचे तोंडी पुकारू लागला. दहा-नऊ, दहा-दहा. फलकावर अर्थातच नऊ-नऊच राहिले. तो मार्करही आज हयात नाही.

बारा-अकरा अशी माझी आघाडी होती. सर्व्हिस माझी होती. त्या गेममध्ये चाळीस-चाळीसचा ड्यूस झाला तेव्हा भावजी नेटपाशी आले, नेटच्या पट्टीवर हात ठेवून उभे राहिले आणि हलकेच म्हणाले, “चेंडू दिसत नाही. उद्या सकाळी इथूनच पुढे खेळू.” आमच्या कोर्टाला दिवे नव्हते. मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी कोर्टावर हजर होतो, नेट मी स्वतः ताणून बांधले. भावजी पापनाशमला शेतावर गेले होते. मग त्यांचा गुडघा धरला आणि तो सेट तसाच राहिला. पुढे सणावारी एका पंगतीला बसलो की तेच म्हणत, “मच्चान, आपला खेळ शिल्लक आहे.” सोडून दिलेल्या खेळाला कोणी शिल्लक म्हणत नाही.

काल सकाळी राजवाड्यामागच्या गल्लीत बहिणीकडे गेलो. चौकट तयार होऊन कॉटवर ठेवलेली होती. भाचा क्लबाला निघण्याच्या घाईत होता.

“हा मजकूर बदल,” मी म्हणालो.

“मामा, फलक दिसतोय की. नऊ-नऊ. मी स्वतः काढलाय फोटो.”

“फोटो तू काढलास, पण लिहिताना नुसता फलक पाहिलास. नऊच्या पुढे पत्रेच नव्हते.”

“मला नाही आठवत.”

“मला आठवते.”

“तुम्हाला नेहमी तुमचंच आठवतं, मामा.”

बहीण कॉफीचा टंबलर माझ्यापुढे ठेवून तिथेच उभी राहिली. “पोदुम, अण्णा. पुरे. ते गेले. आता तरी जिंकू द्या की त्यांना.”

हे ऐकणे मला सोपे गेले नाही. कॉफी तशीच राहिली. मी म्हणालो, “चषकावर त्यांचे नाव घाल, मी टाळ्या वाजवीन. ‘सोडून दिला’ हे दोन शब्द तेवढे काढ.”

“आणि माझा मुलगा खोटा ठरू दे,” ती म्हणाली.

भाच्याने घड्याळ पाहिले. “पुरावा दाखवा, आत्ता काढतो.”

“तुझ्याच लिहिण्यात आहे. पहिली सर्व्हिस अप्पांची, असे तू छापलेस. खरे ना?”

“खरं.”

“टेनिसमध्ये सर्व्हिस गेमागणिक बदलते. मग बरोबरी असेल तेव्हा पुढची सर्व्हिस कोणाची?”

त्याने क्षणभर बोटांवर हिशेब केला. “अप्पांची. दर बरोबरीला अप्पांची.”

“आणि माझी सर्व्हिस असेल तर?”

“तर कोणीतरी एकाने पुढे.”

“अप्पा पुढे असते तर?”

यावर बहिणीलाच हसू आले. “तर मरेपर्यंत रोज जेवताना ऐकवलं असतं,” ती म्हणाली.

“सगळं कबूल,” भाचा म्हणाला. “पण त्या वेळी सर्व्हिस तुमची होती हे कशावरून? फोटोत तुम्ही डावा हात वर करून थांबा म्हणताय. वर चंद्र आहे. अजून काय पाहिजे?”

मी चौकट उचलून खिडकीच्या उजेडात धरली आणि बहिणीच्या हातात तिचे वाचायचे भिंग दिले. ती बराच वेळ पाहत राहिली. मग तिने चौकट मुलाकडे दिली आणि ती आत गेली.

भाचा मराठी बोलतो, पण देवनागरी वाचत नाही. म्हणून हे सारे रविवारी मी स्वतःच त्या भिंतीपुढे उभा राहून वाचणार आहे. मजकूर बदलायचा की नाही ते त्याने ठरवावे. छायाचित्रात माझ्या उजव्या हातातली रॅकेट पाठीमागे गेलेली आहे, आणि माझ्या वर केलेल्या डाव्या हाताच्या टीचभर वर जो पिवळा ठिपका आहे, तो चंद्र नव्हे; तो मी सर्व्हिससाठी उडवलेला चेंडू आहे.