नोईच्या पिशवीतलं मराठी पत्र

१९८६च्या गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळचा चहा झाल्यावर, बँकॉकमध्ये नोई नावाच्या बाईवर अन्याय झाला. करणारी बाई मराठी होती, आपल्या शिकागोजवळच्या नेपरव्हिलची होती, आणि तुमच्यापैकी निम्म्याजणींनी तिच्या हातचं श्रीखंड खाल्लेलं आहे. आपल्या मंडळाच्या अंकासाठी माझ्याकडे प्रवासवर्णन मागितलं होतं, प्रवासवर्णनच देते आहे. सोनेरी देवळांची वर्णनं हवी असतील तर ती इतर पुस्तकांत आहेत.

सुहासची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, कंपनी बँकॉकजवळ कारखाना उभारत होती. त्याच कंपनीतले, नेपरव्हिलचेच आमचे वसंतकाका तिथे तीन वर्षं काढून एप्रिलमध्ये परत आले आणि त्यांच्या जागी वर्षभरासाठी सुहासला पाठवलं. ऑगस्टमध्ये निघायच्या आधी आम्ही काका-काकूंकडे जेवायला गेलो. कुमुदकाकूंनी तळघरातून कुकरच्या दोन रिंगा, हिंगाचा डबा आणि सल्ले दिले.

"पाणी उकळून पी. डास फार. आणि कामाला नोई येईल आपणहून. तिच्याकडे माझं पत्र आहे, ते वाच म्हणजे सगळं कळेल. आमची मोर्चावाली कामाच्या बायांना डोक्यावर बसवायची, म्हणून सांगते हो!"

कॉलेजात असताना मी पुण्यात हुंड्याविरुद्ध सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं वाटायचे. काकूंनी ते ऐकल्यापासून माझं नाव मोर्चावाली.

बँकॉकला उतरलो तेव्हा विमानाच्या दारातच उकडत्या भाताच्या वाफेसारखी हवा अंगावर आली. आमची 'सोय' (थाईत, मोठ्या रस्त्यातून फुटणारी गल्ली) इतकी अरुंद की टॅक्सीवाल्यानं तोंडाशीच सामान उतरवलं आणि हात जोडून निघून गेला. पहिल्याच आठवड्यात पाऊस झाला, गल्ली तुंबली आणि सुहासचा नवा बूट गटारात गेला. तो वर यायची वाट बघत सुहास पाऊण तास उभा होता. "यार, शिकागोत बर्फ होता, पण बर्फात बूट दिसतो तरी!"

राहायचा परवाना घ्यायला कचेरीत गेलो. फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत म्हणून माझा फोटो दोनदा परत आला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "इंडिया की अमेरिका?" मी म्हटलं, "पासपोर्ट अमेरिकेचा अजून नाही, भारताचाच आहे. पण आले अमेरिकेतून." त्यांनी मान हलवली आणि शिक्का मारला. इलिनॉयमध्ये मी कागदोपत्री 'एलियन' होतेच, आता दुसऱ्यांदा झाले.

कोपऱ्यावरच्या गाडीवर सोमतम मिळायचं (कच्च्या पपईचा कीस मिरची-लिंबाबरोबर उखळात कुटून केलेली कोशिंबीर). सुहासनं छाती काढून सांगितलं, "नो फिश!" गाडीवालीनं प्रेमानं मान डोलावली आणि सुक्या कोळंबीची मूठ उखळात टाकली. त्यानं दोन बशा खाल्ल्या. घरी आईला पत्रात लिहिलं, 'पपई छान मिळते.'

तिसऱ्या दिवशी नोई आली. चाळिशीची, इस्त्रीचा ब्लाउज, हातात कापडी पिशवी. पिशवीतून तिनं प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं पत्र काढलं आणि दोन्ही हातांनी, मान लववून माझ्यापुढे धरलं. परदेशी लोकांकडे काम करणाऱ्या बायांची तिथे हीच पद्धत. घर सोडून जाणारी मालकीण पत्र लिहून देते, बाई ते जपते, पुढच्या दाराशी दाखवते. पत्र नाही तर काम नाही.

काकूंचं अक्षर सुरेख आहे. मराठीत लिहिलं होतं:

'ही नोई. काम बरं करते. पण ऐन बांधाबांधीत चार दिवस सुट्टी मागितली. डोक्यावर बसवू नये. कपाटं बंद ठेवावीत. आपल्या माणसांनी सावध राहावं म्हणून मुद्दाम मराठीत लिहिते आहे.'

"चांगलं पत्र आहे ना, मॅडम?" नोईनं विचारलं. (तिचं इंग्रजी मोडकं, माझं थाई त्याहून मोडकं. इथे मराठीत देते.)

"चांगलं आहे," मी म्हटलं. तिला कामावर ठेवलं. आणि ती स्वयंपाकघरात गेल्यावर कपाटाला कुलूप लावून किल्ली तांदळाच्या डब्यात खुपसली. मी. मोर्चावालीनं. पाच आठवडे ते कुलूप तसंच होतं, हेही छापा.

सहाव्या आठवड्यात आम्ही दोघी भाजी निवडत बसलो होतो. मी सहज विचारलं, तुमचं नवं वर्ष कधी असतं? ती म्हणाली, एप्रिलच्या मध्यावर, सोंगक्रान. त्या दिवशी सगळे गावी जातात, वडीलधाऱ्यांच्या हातांवर सुगंधी पाणी घालतात आणि आशीर्वाद घेतात. तिची आई ईशान्येकडच्या खेड्यात असते, बसनं रात्रभराचा प्रवास. "यंदाही गेले होते. तुमचं नवं वर्ष झालं ना, त्याच्या दोन दिवसांनी."

"तुला आमचं माहीत आहे?"

"बांबू मीच आणायची दरवर्षी! काठीवर तांब्या मीच बांधायची. सरांना गच्चीच्या कठड्याची भीती वाटते."

मी मनातल्या मनात तारखा लावल्या. आपला पाडवा साजरा झाला, गुढी नोईनं बांधली, दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या पाडव्यासाठी चार दिवस मागितले, आणि काकूंनी पेन उचललं.

नोई शेंगा मोडत बोलतच होती. मॅडम कुमुद गेल्यावर ती चार महिने बिनकामाची होती. दोन मराठी घरी गेली. "दोन्हीकडे मॅडमनी पत्र वाचलं, हसल्या, म्हणाल्या, नंतर कळवू. इतकं चांगलं पत्र असून कोणी ठेवत नाही. माझ्या चेहऱ्यात काही वाईट दिसतं का, मॅडम?"

त्यावर गप्प बसले असते तर पुन्हा कधी पत्रक हातात धरायचा मला हक्क नव्हता. मी पत्र मागून घेतलं आणि ओळीवर बोट ठेवून एकेक वाक्य तिला सांगितलं. मग कुलपाचंही सांगितलं.

"कुलूप माहीत होतं," ती म्हणाली. "किल्ली बाजूला सारूनच रोज तांदूळ घेते."

सगळी गाइडबुकं सांगतात की इथली माणसं कशालाही 'माई पेन राई' (असू दे, चालायचंच) म्हणतात. नोई तसं म्हणाली नाही. तिनं शेंगांची परात बाजूला ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, "तीन वर्षं काम केलं. मला नवीन पत्र पाहिजे. थाईमध्ये."

"वसंतकाका लगेच देतील."

"सर फक्त जेवायचे. काम मॅडमनी पाहिलं. मॅडमनीच लिहायचं."

मी त्याच आठवड्यात काकूंना लिहिलं. उत्तर आलं, त्यात लोणच्याची कृती होती. पुन्हा लिहिलं, हवापाण्याची चौकशी आली. आमचं वर्ष संपत आलं तेव्हा नोईनं एका शाळेच्या स्वयंपाकघरात अर्ज केला. कायमची नोकरी, सणाची सुट्टी हक्काची. मी तिला थाईत लिहवून दिलेलं पत्र वाचून तिथल्या बाई म्हणाल्या, हे एका वर्षाचं झालं, आधीची तीन वर्षं कुठे होतीस? दाखला आण. वर्षअखेरपर्यंत जागा धरून ठेवते.

ऑगस्टमध्ये परत आलो. नेपरव्हिलला सगळं जिथल्या तिथे होतं, हिरवळी कापलेल्या, गाड्या धुतलेल्या. काकूंच्या घरी गणपतीची आरती झाली, कागदी ताटल्या फिरल्या, आणि मी विषय काढला.

"काकू, नोईला पत्र हवंय."

"दिलंय की."

"ते मी वाचलं."

"मग? खोटं काय आहे त्यात? काम बरं करते असंही लिहिलंय. घरभर खोकी पडलेली, माझी कंबर धरलेली, आणि ही म्हणते न्यू इयर! एप्रिलमध्ये कसलं मेलं न्यू इयर?"

"तुमची गुढी आदल्याच दिवशी उतरवली होती ना, काकू? तिनंच?"

सोफ्यावरून त्यांची मुलगी म्हणाली, "मॉम, दॅट इज सो मीन."

"तू होमवर्क कर!"

वसंतकाका ताटलीकडे बघत बोलले, "मी इकडे शिकायला आलो तेव्हा सरांनी शिफारसपत्र बंद पाकिटात दिलं होतं. चिकटवलेल्या जागेवर सही. आत काय होतं ते मला आजपर्यंत माहीत नाही. पोराला सुट्ट्या फार लागतात, एवढंच लिहिलं असतं, तरी मी इथे नसतो, कुमुद."

"तुम्ही वाढायचं बघा," काकू म्हणाल्या. पण आवाज उतरला होता. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी एकटीनंच लिहिलंय का असं? विचार सगळ्यांना!"

मी वळून पाहिलं. तिथल्या दोघींनी नजरा ताटलीत घातल्या. कंपन्या आता सिंगापूरला, जकार्ताला, मनिलाला आपली माणसं पाठवताहेत, आणि आपण हिंगाच्या डब्याबरोबर हीही रीत नेतो आहोत.

परमुलखात राहायला गेलं की माणसाचं मन मोठं होतं म्हणतात. माझं झालं नाही. शिफारसपत्रांनी आपल्याला दिलेल्या किल्ल्या आपण कुणापासून लपवतो, एवढं मात्र दिसलं. हा अंक छापायला जाईपर्यंत काकूंनी पत्र लिहिलेलं नाही. मी हे छापणार हे त्यांना सांगितलं आहे. "छाप खुशाल," म्हणाल्या.

तेव्हा काकू, आणि त्या दिवशी ताटलीत बघणाऱ्या दोघी, आणि हे वाचताना ज्यांना स्वतःचं अक्षर आठवलं त्या सगळ्याजणी, मी तुमच्याकडे मत मागत नाही. नोईची जागा डिसेंबरअखेर जाईल. कागद घ्या. तिनं केलं ते काम लिहा, किती वर्षं केलं ते लिहा. ते तिच्या भाषेत उतरवून घ्या. जिचं पत्र आहे तिला ते आधी वाचू द्या, आणि मगच खाली सही करा.